काचेवरचा निळा कागद

दिनांक १८ सप्टेंबर २०२५, गुरुवार, दुपारी १२.१०.

मी सुखदा रामचंद्र पेडणेकर, वय २९ वर्षे, धंदा बालशाळेत शिक्षिका, राहणार मुनिरका गाव, नवी दिल्ली, मूळ राहणार वेंगुर्ला, जिल्हा सिंधुदुर्ग. आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, कोणी सांगितले म्हणून नव्हे तर माझ्या मनाने सांगते की,

मी लष्करी छावणीलगतच्या सोनपंख बालशाळेत तीन वर्षांपासून नर्सरीचा वर्ग घेते. माझ्या वर्गात बावीस मुले आहेत. मला हिंदी येते, तरी हा जबाब मराठीत घ्यावा अशी विनंती मी केली, कारण ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्या आमच्या शाळेच्या आया हौसाबाई यांना हिंदी जेमतेम समजते. आपल्याबद्दल काय लिहिले जात आहे ते त्यांना कळले पाहिजे. ठाण्यातील हेड कॉन्स्टेबल उल्हास मेश्राम हे मूळचे भंडाऱ्याचे असल्याने ते लिहून घेत आहेत. मराठी लिहून पंधरा वर्षे झाली, चुकले तर सांगा, असे ते म्हणाले. अजून काही चुकलेले नाही.

आमच्या शाळेत दर आठवड्याला एक विषय असतो. त्या विषयाचीच गाणी, चित्रे, खेळ आणि त्याचीच वर्गाची सजावट. या आठवड्याचा विषय समुद्र होता आणि तो मीच मागून घेतला होता. दिल्लीत वाढलेल्या मुलांना समुद्र म्हणजे टीव्हीतले निळे काहीतरी, हे मला तीन वर्षे खुपत होते. वाळूसाठी रव्याची परात, भरतीओहोटीसाठी टबातले पाणी, छताला दोऱ्यांवर कागदी मासे, असा पूर्ण आराखडा मी रविवारी बसून केला. शुक्रवारी शाळेच्या मुख्य शाखेचे लोक वर्ग बघायला येणार होते, त्यामुळे हौसेबरोबर दिखाव्याचा थोडा सोसही होता. हे मी लपवत नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी वर्गातल्या सर्व काचांवर निळा पातळ कागद चिकटवला, म्हणजे उजेड निळा होऊन आत पाण्याखाली असल्यासारखे वाटावे. त्यात व्हरांड्याकडच्या दाराची काचही आली.

या काचेबद्दल नीट लिहून घ्यावे. हौसाबाई व्हरांड्यात स्टुलावर बसतात. नर्सरी आणि केजी असे दोन वर्ग त्यांच्याकडे असतात. त्यांच्या जागेवरून या काचेतून माझा वर्ग आणि वर्गाच्या मागचे, अंगणाकडे उघडणारे दार सरळ रेषेत दिसते. स्टूल तिथे ठेवण्याचे कारणच ते आहे. काच झाकल्यावर त्यांना फक्त निळा कागद दिसत होता.

बुधवारी, दिनांक १७ रोजी, मुलांनी घरून समुद्रातली एक वस्तू आणायची होती. भिंतीवर मी बावीस चौकोन आखले होते, प्रत्येकात मुलाचे नाव. वस्तू आणली की ती त्या चौकोनाखालच्या खणात ठेवायची आणि वर मासा चिकटवायचा. शिवांजली, वय ४ वर्षे, वडील सैन्यात, सध्या बाहेर पोस्टिंगवर, ही मुलगी रिकाम्या हाताने आली. "मॅम, मेरे घर में शंख है. पापा लाए थे. पूजा में रखा है," असे ती म्हणाली. मी तिला म्हणाले, "तो लाई क्यों नहीं, बेटा? देखो, सबके डिब्बे भर गए, बस तुम्हारा खाली है." इतर मुलांनी वळून पाहिले. मला ते तेव्हाच लागायला हवे होते. मी पुढच्या मुलाकडे गेले.

साधारण १०.४० वाजता मी आठ मुलांना घेऊन डिंकाचे काम करत होते, बाकीची मुले चटयांच्या होडीत बसली होती. रंगवलेले मासे वाळत घालायला मीच अंगणाकडचे दार उघडले होते आणि आत येताना ते ओढून घेतले नाही. शिवांजली त्या दाराने अंगणात गेली आणि अंगणाच्या छोट्या फाटकाची कडी काढून बाहेर पडली. कडी खाली आहे, चार वर्षांच्या मुलाच्या हाताला येते. १०.५५ ला डबे उघडायला मुले मोजली तेव्हा एकवीस भरली. मी दोनदा मोजली. तिसऱ्यांदा मोजू लागले तेव्हा हौसाबाई आत आल्या आणि माझ्याकडे बघून काही न विचारता अंगणाकडे पळाल्या. त्यांचे वय छप्पन्न आहे आणि गुडघे धड नाहीत. त्या चपला न घालता मोठ्या रस्त्यापर्यंत गेल्या.

११.३५ ला शिवांजलीच्या शेजारणीचा फोन आला. मुलगी क्वार्टरच्या बंद दारापाशी बसली होती. तिची आई सरोजिनी नगरच्या बाजारात गेली होती. शाळेपासून घर सव्वा किलोमीटर आहे आणि मध्ये सैन्याच्या गाड्यांचा मोठा रस्ता आहे. तो तिने कसा ओलांडला हे कोणालाच माहीत नाही. मुलगी सुखरूप आहे. रात्री मी त्यांच्या घरी गेले तेव्हा तिच्या आईने दार उघडले आणि दारातच उभी राहिली. तिने आत या म्हटले नाही. बरोबरच होते.

शाळेच्या संचालिका इशिता मॅडम यांनी काल संध्याकाळी जो लेखी अहवाल दिला, त्यात आया जागेवर नव्हती, तिचे लक्ष नव्हते, असे लिहिले आहे. हे खरे नाही. हौसाबाई जागेवरच होत्या. काल दुपारी पोलीस पाहणीला आले तेव्हा दाराची काच स्वच्छ होती, आणि म्हणून स्टुलावरून सगळे दिसत असूनही आयाने पाहिले नाही, असा निष्कर्ष निघाला. त्याआधी एक वाजता त्या काचेवरचा कागद काढण्यात आला. मी काढला नाही. मॅडम मला म्हणाल्या, "सुखदा, तुम्हारा करियर है. उसका क्या है, वो तो गाँव चली जाएगी." अहवाल मी तसाच जाऊ दिला. एखाद्याचे नाव खराब होऊन तो गावी परततो तेव्हा तिथे काय होते, हे मला वेंगुर्ल्यात राहून चांगले माहीत आहे.

बुधवारी सकाळी ९.१२ ला पालकांच्या ग्रुपवर टाकण्यासाठी मी वर्गाचा फोटो काढला होता. त्यात ती काच पूर्ण झाकलेली दिसते. फोटो मी पोलिसांना दिला आहे.

तरी काच मी झाकली, दार मी उघडे ठेवले, आणि मुलीला जे बोलू नये ते मी बोलले. हौसाबाईंचा यात दोष नाही. या जबाबाने माझी नोकरी जाईल हे मला समजते.

वरील मजकूर हेड कॉन्स्टेबल मेश्राम यांनी मोठ्याने वाचला. तो मी आणि बाकावर बसलेल्या हौसाबाई अशा दोघींनी ऐकला. मेश्राम यांनी त्यांना, मावशी, काही राहिलंय का, असे विचारले. त्या म्हणाल्या, "न्हाई. बाईंनी सांगितलंय ते बराबर हाय. माजं काय न्हाई." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

पुरवणी. सही करण्यापूर्वी मी पुढील मजकूर वाढवून घेत आहे. माझ्या वरच्या जबाबात एक गोष्ट मी सांगितली नाही. विसरले नव्हते.

सोमवारी मी काचेवर कागद लावत होते तेव्हा हौसाबाई खाली उभ्या राहून मला चिकटपट्टीचे तुकडे तोडून देत होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, ह्या काचंला नगा लावू. मला पोरं दिसायची न्हाईत." मी हसून म्हणाले, "मावशी, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. शोभा बघा की जरा." मंगळवारी सकाळी त्यांनी पुन्हा सांगितले. तेव्हा मुलांसमोर मी म्हणाले की, शिकवायचं कसं ते तुम्ही मला शिकवू नका. त्या स्टुलावर जाऊन बसल्या.

हे त्यांनी काल संचालिकांना सांगितले नाही, पोलिसांना सांगितले नाही, आणि आत्ता विचारल्यावरही सांगितले नाही. मी सांगत आहे.

पुरवणीसह सर्व मजकूर पुन्हा वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे व खरा आहे. हौसाबाईंनी दुसऱ्यांदा ऐकून मान डोलावली.

सही
सुखदा रामचंद्र पेडणेकर