मदीहाची बोधकथा

— न्हाई न्हाई, बसा मॅडम, मी काय भांडाया आलो का? शाळा समितीचा अध्यक्ष म्हणून आलो, दोन मिनिटं. ह्या मदीहाच्या शाळा सोडायच्या दाखल्यावर तेवढी सही करून टाका. अर्ज तिच्या बापानंच दिला ना? सोताहून? मंग! सिराजोद्दीन टेलर शाना मानूस. मी फक्त दुकानावर गेल्तो त्याच्या — म्हनलं, मशीन नवी दिसती, जपून ऱ्हाय. एवढंच!

आता तुम्ही म्हनताल, सातवीचं लेकरू, परिपाठात बोधकथेची पाळी आली, आजीची गोष्ट सांगितली, काय बिघडलं? एक म्हातारी रोज पैगंबरांच्या अंगावर कचरा टाकती, एक दिवस टाकत न्हाई, तर हे घरी जाऊन इचारतात, माय, बरी हाईस ना? — गोष्ट वाईट न्हाई, बिलकुल न्हाई. तोच तर वांधा! आमची आकांक्षा तिच्याच बाकावरची. जेवताना मला म्हनती, पप्पा, मदीहाचा गोष्ट सांगतानाचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर तुम्हीच टाकला ना? मंग कचरा टाकनारे आपनच झालो की! — ताट सारून उठलो मी. चार दिवस झाले, बोलंना माझ्याशी. एकुलती एक लेक, मॅडम. हे शिकवता का शाळेत? — आरती? परिपाठातल्या आरतीचं काय काढता? ते संस्कार हायेत, त्याला कोन धर्म म्हनतं?

तर सही करा. तुम्ही अडवून धरलं म्हनून मंडळी तापली. अकराला जानार हायेत त्या टेलरच्या घरी, समजावून सांगाया — पन्नासेक असतील, आमचा पुंजाराम पुढं हाय. आता समजावता समजावता एखाद्याचा हात उठला, तर मी काय परत्येकाचा हात धरू? म्हनून तर इथं येऊन बसलो. कोनी इचारलं तर सांगा, कडूबा पाटील माझ्यासमोरच चहा पेत होते.

काय? आकांक्षा? वर्गात असंल की — हजेरी न्हाई? माझ्यासमोर दप्तर घेऊन निघाली सकाळी! — कुठं? मैत्रिणीला सांगून गेली? मदीहाच्या घरी... चार दिवस आली न्हाई म्हनून... बरी हाय का, इचाराया...

ते घड्याळ बराबर हाय का, मॅडम? — पुंजाराम, उचल की रे फोन — उचल — चहा ऱ्हाऊ द्या, सरका, सरका बाजूला —