इराचा गोल आणि आईचा चहा

वरच्या डिव्हिजनची टीम म्हणजे काय चीज असते, ते मला विचारा.

आमच्या इराची कॉलेजची फुटबॉल टीम, म्हणजे इकडे हायस्कूललाच कॉलेज म्हणतात, खालच्या डिव्हिजनमध्ये सगळ्यांना धुऊन काढत होती. म्हणून कोचनं वरच्या डिव्हिजनच्या पोरींशी बॉटनी नावाच्या उपनगरात एक फ्रेंडली मॅच ठेवली. आई पुण्याहून आलेली, तिलाही नेलं. ती थर्मास घेऊन नेमकी समोरच्या टीमच्या गोलमागे जाऊन बसली.

हाफ टाइमच्या आधीच आमच्यावर सात गोल. त्या पोरी पळत नव्हत्या हो, वाहत होत्या. मी ओरडायचंच विसरलो. त्यांची गोलकीपर मात्र थंडीत हात चोळत नुसती उभी. आईला राहवेना. थर्मासचं झाकण काठोकाठ भरून तिनं त्या पोरीपुढे धरलं.

"किया ओरा, आंटी," असं इकडच्या पद्धतीनं थँक यू म्हणत तिनं घेतलंसुद्धा.

नेमका तेव्हाच इराला बॉल मिळाला. एकटीच पुढे सुटली आणि सणसणीत किक मारली. मी खुर्चीतून उठलोच. त्या गोलकीपरनं पाय पुढे केला, बॉल बुटाखाली दाबला, एका लाथेत पार सेंटरला धाडला आणि चहावर फुंकर मारली.

गाडीत इरा फुगलेली. "आजी, हूज साइड आर यू ऑन?"

आई हळूच म्हणाली, "अगं, झाकण काठोकाठ भरलं होतं मी. एक थेंब सांडला नाही तिच्या हातून."