सात अन् पाच साडेबारा

...साडेबारा! सात अन् पाच साडेबारा! भर शाळेत, त्या बाईंच्या समोर, माझी सहा वर्षांची मुलगी खणखणीत आवाजात सांगतेय, आणि मी बाजूच्या बुटक्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसलोय. तुम्हाला सांगतो, हातात कात्री असती ना, तर तिथेच गळून पडली असती.

नाही, पण थांबा, तुम्हाला आधीचं ठाऊक नाही. मी शिंपी. पुढे दुकान, मागे घर. आमची ठमी पहिलीत घालायच्या वयाची झाली आणि नेमका तेव्हाच माझा मेहुणा उगवला. याची दोन्ही मुलं घरीच शिकतात. म्हणतो कसा, "दाजी, शाळेत पन्नास पोरांना एकच माप. तुम्ही कारागीर माणूस, तुम्हीच सांगा, पन्नास गिऱ्हाइकांना एका मापाचे सदरे शिवाल का?" आता हे असं शिंप्याला विचारायचं असतं का हो? कापायला घेतलेलं कापड तसंच, हातातली कात्री हातातच! म्हटलं, ठरलं, ठमी घरीच शिकणार.

आमची ही दवाखान्यात नर्स. ती कशाला दचकतेय? इंजेक्शन देताना बोलते ना, तशा थंड आवाजात म्हणाली, "चार महिने शिकवा. मग शाळेत नेऊन बाईंना दाखवू. तयारी ठीक आहे म्हणाल्या तर राहू दे घरी, नाहीतर त्याच दिवशी नाव घालायचं."

आणि खरं सांगू का, त्या मापाबिपाचं सोडा, मला ठमी जवळ हवी होती. दिवसभर मशीनचा खडखडाट, पायाशी ठमी चिंध्या गोळा करत बसलेली, मध्येच "बाबा, हे बटण कुणाचं?"... ते एकदम बंद कसं करायचं हो?

मग काय, शिकवलं की! कापायच्या टेबलावर शाळा. टेप घ्यायची, मोजायचं, आणि ताकीद एकच, "आलेल्या मापात अर्धा इंच जादा धर, शिलाईत जातो." रोज सांगायचो, रोज. एकदा तिने मापाच्या वहीत छातीच्या जागी उंची लिहिली, तर असा ओरडलो की समोरचं गिऱ्हाईकच ताठ उभं राहिलं. मास्तर म्हटल्यावर ओरडायला नको का?

तर ते साडेबारा. बाईंनी चष्मा काढला. "अर्धा कुठून आला गं?"

"शिलाईत जातो ना तो," ठमी बाईंनाच समजावतेय, आणि तेही अगदी माझ्या आवाजात!

म्हटलं संपलं, घाला आता नाव. तर बाई हसायलाच लागल्या, डोळे पुसेपर्यंत हसल्या, मग तिच्याकडून टेपवरचे सगळे आकडे वाचून घेतले, पाऊण, सव्वा, पावणेदोन, धडाधड... आणि मला म्हणाल्या, "हुशार आहे हो. घरी शिकली तरी काही बिघडत नाही." ऐकलंत? मी बाकातून गुडघे सोडवायला लागलो, तेवढ्यात ठमी म्हणते, "पण मला शाळेत यायचंय."

कात्री! कात्री हातात नव्हती म्हणून माझे पाय वाचले.

आमची ही शेजारच्याच बाकावर होती, तिने विचारलं, "का गं?"

"शाळेत बाई ओरडल्या तर घरी येऊन बाबांना सांगता येतं. घरी सर ओरडले की कुणाला सांगायचं? सर म्हणजे बाबाच."

बापाने हे ऐकायचं? तुम्हीच सांगा. इतकं लागलं ना मनाला... बाईंनी फॉर्म पुढे सरकवला, मी सही केली, तीसुद्धा चुकीच्या रकान्यात.

आता रोज जाते. आणि परवा, तुम्हाला सांगतो, दारातूनच रडत आली, "बाबा, आज बाई ओरडल्या." आणि मला, बापाने असं बोलू नये, पण इतका आनंद झाला... मशीन थांबवलं, तिला उचलून टेबलावर बसवलं, म्हटलं, सांग बाळा, सगळं सांग, कशावरून ओरडल्या?

"गृहपाठ चुकला म्हणून."

"कुणी केला होता गृहपाठ?"

"तुम्हीच की."

सोमवारी बोलावलंय मला. वही घेऊन.