ड्रायव्हरच्या सीटखालचा नंबर

माझ्या गाड्यांच्या वेडाला तुम्ही हसता ना, मग पूर्णगडचं ऐका. कापडी टपाची, दोन दारांची ती जुनी गाडी आपल्याच देशात बनली, आणि एकूण किती बनल्या हे कोणालाच ठाऊक नाही, हे मला सहन होईना. कारखाना पत्रांना उत्तर देईना. मग जिथे अशी गाडी असल्याचं कळे, तिथे जाऊन मीच तिच्यावर कारखान्याने ठोकलेला नंबर उतरवून घ्यायला लागलो.

पूर्णगडात एक सापडली, हमीदाचाचींच्या अंगणात, झावळ्यांच्या मांडवाखाली. हा नंबर ड्रायव्हरच्या सीटखाली असतो. मी दार उघडून सीट पुढे ओढणार, तोच चाची ओट्यावरून ओरडल्या, "सीटला हात नको लावू रे!"

"एकच मिनिट, चाची. नंबर बघतो नि परत मागे सारतो."

"नको म्हटलं ना! आमच्या ह्यांनी लावलीय ती. पाय लांब त्यांचे. कुवेतहून येऊन बसतील नि गुडघे आपटतील."

"कधी येणारेत?"

"दोन वर्षं झाली, पत्रसुद्धा नाही."

मी दार हळूच लावलं. चहा देताना त्यांनीच विचारलं, "पण त्या नंबराचं करतोस काय?"

मला तेवढंच हवं होतं. "चाची, नंबर असला की कुठली गाडी कुठे गेली, आज कुठे आहे, सगळं शोधता येतं!"

चाचींनी कपबशी माझ्या हातात दिली.

"मग माणसांना का नाही रे घालत असा नंबर?"