पहिली दोन मिनिटं

...आणि वर मलाच म्हणते, "तू आत्ता पेशंट आहेस, नवरा नाहीस!" घ्या! अठरा वर्षांचा संसार, आणि सोफ्यावर बसल्या जागी माझं पद गेलं! तुम्हाला सांगतो, बायको डॉक्टर, पण मुलींच्या पायी आठ वर्षं घरी राहिलेली, आता फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेन्सीला, म्हणजे दवाखान्यात काम करत पुढचं शिकायला, अर्ज केलेला, तोही तिसऱ्यांदा, आणि यंदा नंबर लागला नाही तर पुढच्या वर्षी वयाची अट आडवी! म्हणून मुलाखतीची तयारी, आणि सरावाला पेशंट कोण? मी! मला काय कळतं त्यातलं? मी आपला लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस!

नियम काय, तर पहिली दोन मिनिटं पेशंटला मधे तोडायचं नाही. दोन मिनिटं! अहो, आमच्या घरात मला अर्धं वाक्य मिळालं तरी खूप! तर ही वही घेऊन समोर, मान तिरकी, मधाळ आवाज, "बोला, काय त्रास होतोय?" बोला! मला! मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय... म्हटलं, "गुडघा दुखतो." ही गप्प. "जिना चढताना." गप्पच! घड्याळ बघतो तर चाळीस सेकंद, आणि माझ्याकडचं सगळं संपलेलं! ज्यासाठी अठरा वर्षं तडफडलो ते मिळालं, आणि बोलायला काही नाही! शेवटी लिफ्टच्या मोटारीबद्दल सांगितलं, तेही तिनं लिहून घेतलं. मी आपला लिफ्टचा माणूस, दुसरं काय सांगणार?

रोज जेवणाआधी हाच कार्यक्रम. थोरली म्हणायची, "बाबा, आज जरा वेगळा आजार घ्या ना!" आणि नवव्या दिवशी हिनं विचारलं, "पण जिना का चढता? लिफ्ट आहे की." आणि मी बोलून गेलो... दोन वर्षांपूर्वी आत अडकलो होतो, तासभर, एकटा, तेव्हापासून दार बंद झालं की छाती धडधडते. लिफ्टवाल्याची! कामावर सगळ्यांना सांगतो, व्यायाम करतोय! हिनं वही बाजूला ठेवली. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

मुलाखत घरूनच, कॉम्प्युटरवर. मी दाराला कान लावून. आतून खर्जातला आवाज, "फॅमिली मेडिसिनच का?" आता हे उत्तर तिनं इतकं घोकलेलं की मुलींना पाठ, मला पाठ... आणि ही गप्प! सगळं उडालं डोक्यातून! आत जाऊन सांगावं का? पण मी आपला लिफ्टचा... तेवढ्यात ही म्हणते, "माझा एक पेशंट आहे. नऊ दिवस गुडघाच सांगत होता..." आणि सगळं सांगितलं हो! अडकलेलो, घाबरलेलो, व्यायामाची थाप, सगळं! नाव तेवढं सांगितलं नाही. म्हणाली, "गुडघ्याचा डॉक्टर पहिल्याच दिवशी गोळी देऊन मोकळा झाला असता. मला नवव्या दिवसापर्यंत थांबणारी डॉक्टर व्हायचंय." बाहेर मी डोळे पुसतोय, आणि धाकटी विचारतेय, "कोण पेशंट हो, बाबा?"

लागला नंबर! पहिल्याच यादीत! इतका आनंद झाला, शेजारच्यांना दोनदा सांगून आलो. आता ही सकाळी जाते, येते ती बसल्या जागी झोपते, दिवसभर लोकांचं ऐकून ऐकून! आणि माझं साचत चाललंय. परवा न राहवून तिच्या दवाखान्यात फोन केला. काउंटरवरची बाई म्हणते, "डॉक्टरांना आधी कधी दाखवलंय?" काय सांगणार... म्हटलं, "रीतसर असं नाही."

"मग नवीन पेशंट. तीन आठवडे थांबावं लागेल."

...घेतली वेळ. मंगळवार, सव्वाअकरा.