एका मताचे निंबाभाऊ

— तर मी छत्रीचं सांगत होते, निंबाभाऊ. सदुसष्ट साल, उमेदवाराचं चिन्ह छत्री, फेब्रुवारी सरत आलेला, ऊन चांगलं तापलेलं, आणि मतदानाला निघालेली प्रत्येक बाई डोक्यावर छत्री धरून. केंद्राच्या शंभर मीटर आत चिन्हाचा प्रचार चालत नाही, म्हणून हवालदारानं चुन्याची रेघ मारली आणि तिथं उभं राहून सगळ्यांच्या छत्र्या मिटवायला लावल्या. म्हाताऱ्या उन्हात भाजतायत, हवालदार घामानं निथळतोय, आणि छत्रीवाला उमेदवार पडला तो पडलाच, वर अनामतही गेली. हे सगळं मी पान अठरावर घेतलं आहे, साक्षीदाराच्या नावासकट. मला हसू आवरत नाही आज, क्षमा करा. सकाळपासून असंच चाललं आहे, शेजारच्या कुंदाबाई दोनदा डोकावून गेल्या. बिबडे घ्या ना, ज्वारीचे आहेत, घरचेच. मोडताना आवाज झाला तरी चालेल, हा काही वर्ग नाही. आणि टोपी राहू द्या डोक्यावर.

तुम्हाला एवढ्या सकाळच्या एस.टी.नं तामसगव्हाणहून धुळ्याला का बोलावलं, तेच सांगते. पुस्तक झालं. ‘तामसगव्हाण विधानसभा मतदारसंघ: दहा निवडणुका’. बासष्टपासून दोन हजार चारपर्यंत, एकही सुटलेली नाही. मतदारसंघ बुडाला त्याला इतकी वर्षं झाली — पुनर्रचना झाली, अर्धी गावं एका आमदाराकडे गेली, उरलेली दुसऱ्याकडे, आणि तामसगव्हाण हे नाव यादीतून पुसलं गेलं. आता कोणाला सांगितलं की आमच्या गावाचा स्वतंत्र आमदार असे, तर पोरं गालात हसतात. म्हणून लिहायला घेतलं. मी मूळची नशिराबादची, पण एकतीस वर्षं तुमच्या गावच्या शाळेत फळ्यापुढे उभी राहिले. त्या गावाचं एवढं देणं लागत होते. चार वाजता मोनाली येणार आहे, छापखान्यातली — शेवटची प्रुफं न्यायला. प्रत्येक पानावर माझी सही हवी, हा तिचा नियम. सगळ्या पानांवर केली. एकावर नाही. पान एकेचाळीस. तुमचं पान.

ऐका, वाचते. ‘सन १९८५. विद्यमान आमदार फत्तेसिंग आबा यांना ३१,२०५ मते, तर शालिग्राम नाना यांना ३१,२०४ मते पडली. नानांचा अवघ्या एका मताने पराभव झाला. त्यांचे जीपचालक निंबा पुना महाजन हे दिवसभर मतदारांची ने-आण करून सायंकाळी केंद्रावर परतत असता वाटेत चाक पंक्चर झाले. ते पाच वाजून सात मिनिटांनी पोहोचले, तेव्हा केंद्राचे दार बंद झाले होते.’ कसं वाटलं? मतदारांना उमेदवाराच्या जीपमधून आणणं नियमाबाहेर होतं, हे मी मुद्दामच लिहिलेलं नाही. शेजारच्या गावच्या केंद्रावर माझी नेमणूक होती, तिथल्या खिडकीखालून बारा फेऱ्या गेल्या होत्या तुमच्या, मी मोजल्या होत्या.

मान डोलवू नका नुसती. मला ठाऊक आहे, हे पान तुम्ही चाळीस वर्षं अंगावर वागवलं आहे. सुरुवातीची दोन-तीन वर्षं तुम्हाला लग्नाला कोणी बोलावत नव्हतं. नाना स्वतः चकार शब्द बोलले नाहीत, पण त्यांच्या भाऊबंदांनी तुम्हाला ‘एक मत’ म्हणूनच हाक मारायला सुरुवात केली. ए एक मत, जीप धू. ए एक मत, पाणी आण. मी ऐकलं आहे ते. आणि मग कधीतरी तहसील कचेरीत कोणाच्या तरी डोक्यात आलं की मतदार जागृतीसाठी ह्याहून चांगलं उदाहरण कुठं मिळणार — आणि आमच्या निंबाभाऊंचे दिवस पालटले. किती शाली झाल्या? सात? नऊ. बरं, नऊ. दर निवडणुकीला सरकारी गाडी दारात, शिरपूरपर्यंत नेणार, माइकसमोर उभं करणार, आणि तुम्ही म्हणणार, ‘मना एक मतमुये नाना पडनात’ — आणि शाळेच्या शाळा टाळ्या वाजवणार. गेल्या खेपेला तर तुमची खुर्ची प्रांताधिकाऱ्यांच्या शेजारी होती. माझी कुठं होती, आठवतं? तिसऱ्या रांगेत. खांबाच्या मागे. मी मान वाकडी करून टाळ्या वाजवत होते, आणि मनात म्हणत होते — काय म्हणत होते ते राहू द्या.

नाही, सांगतेच. त्यासाठीच बोलावलं आहे. म्हणत होते की, अहो, ते मत ह्यांचं नव्हे, ते माझं आहे.

बिबडा खाली ठेवा. ठेवलात? आता नीट ऐका, मी क्रमानं सांगते. पंच्याऐंशीला माझी नेमणूक दुसऱ्या गावच्या केंद्रावर होती, म्हणून माझं मत टपालानं जायचं होतं. पाकीट आलं. आत मतपत्रिका आणि एक वेगळं प्रतिज्ञापत्र. सही करायची ती प्रतिज्ञापत्रावर. मतपत्रिकेवर फक्त खूण, दुसरं काही नाही. वाचलं होतं मी, दोनदा वाचलं होतं. पण त्या दिवशी समोर दुसऱ्या चाचणीच्या दोनशे उत्तरपत्रिका होत्या, लाल शाईचं पेन हातात होतं, आणि त्याच ओघात ती मतपत्रिका पुढे ओढली. शालिग्राम नानांच्या नावापुढे बरोबरची खूण केली. तिच्याखाली दोन रेघा मारल्या. आणि कोपऱ्यात लघु स्वाक्षरी केली, दिनांकासह. तेवीस वर्षांची सवय होती हो, निंबाभाऊ. तपासलेला कागद सहीवाचून हातावेगळा करणं मला जमलंच नसतं. पाकीट बंद केलं, पोस्टात टाकलं आणि विसरले.

मतमोजणीला माझी नेमणूक इथंच, धुळ्याला होती. टपाली मतं आधी घेतात. निवडणूक अधिकाऱ्यांनी एक कागद उंच धरला आणि म्हणाले, ‘ही बघा, कोणीतरी पेपर तपासून पाठवला आहे.’ दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी खो खो हसले. ‘मतदाराची ओळख पटेल अशी खूण — मत बाद.’ सही कोणाची ते कोणाला लागलं नाही. माझी लघु स्वाक्षरी म्हणजे दोन वेलांट्या आणि एक ठिपका. मी तीन टेबलं पलीकडे ताठ बसले होते आणि, खोटं का सांगू, त्यांच्याबरोबर हसलेसुद्धा. एका कागदानं काय होणार होतं? संध्याकाळी आकडे आले. एकतीस हजार दोनशे पाच. एकतीस हजार दोनशे चार. नानांच्या माणसांनी फेरमोजणी मागितली, ती झाली, आकडे तेच राहिले. मी ती वजाबाकी कागदावर तीनदा करून पाहिली, तिन्ही वेळा एकच उरला.

मग दुसऱ्या दिवशी गावात तुमचं नाव झालं, आणि मी गप्प बसले. भीती होती, लाज होती — एवढ्या मुलांना रोज शिस्त शिकवणारी बाई आणि तिचंच मत बाद. पण पुढे, तुमच्या शाली वाढत गेल्या तशी लाज कमी होत गेली आणि — सांगू नये, पण आज जिभेला आवरच नाही — मला हेवा वाटायला लागला. माझ्या आयुष्यात काय घडलं हो? प्रार्थना, हजेरी, घंटा. आणि एकदाच, एकदाच माझ्या हातून एका आमदाराचा निकाल फिरला, तर त्याचं सगळं श्रेय तुम्हाला. म्हणून ही तळटीप लिहिली आहे. बघा, माझ्याच अक्षरात. ‘प्रस्तुत लेखिकेचे टपाली मत ह्याच निवडणुकीत बाद ठरले. पराभवाचे खरे कारण तेच होय; श्री. निंबा महाजन यांचा त्यात दोष नाही.’ दोष नाही, निंबाभाऊ. मी तुम्हाला मोकळं करते आहे. आणि तुम्ही असे काय बघता?

काय? पुन्हा बोला. ‘बाई, मनं नाव नका काढू’ — अहो, काढत कुठं आहे? दोष काढते आहे. दोष गेला तर तहसीलची गाडी येणार नाही, असं म्हणायचं आहे का? तसं नाही? मग? थांबा, मी समजले. तुम्हाला वाटतं मी तुमचं हिसकावून घेते. बरं, मग हिशेब काटेकोरपणे करू. नाना एका मतानं पडले. एक मत जास्त मिळालं असतं तर काय झालं असतं? निवडून आले असते, असं अख्खा मतदारसंघ चाळीस वर्षं म्हणतो आहे, आणि माझ्याकडे गणित शिकलेली माणसंसुद्धा तसंच म्हणतात. चूक. एक मिळालं असतं तर बरोबरी झाली असती, आणि मग कायद्याप्रमाणे चिठ्ठी टाकली असती. जिंकायला दोन लागली असती. दोन, निंबाभाऊ. एक तुमचं, एक माझं. आपण दोघं मिळून नानांना पाडलं. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात जाऊन हसून आले. पान एकेचाळीसवर दोघांचे फोटो टाकू — डावीकडे तुम्ही, शालीसकट, उजवीकडे मी. पुढच्या वेळी दोन खुर्च्या, प्रांताधिकारी मधे. कशी आहे योजना? सरळ वाक्य लिहिते: ‘लेखिकेचे एक व श्री. महाजन यांचे एक, अशी नानांची दोन मते —’

निंबाभाऊ. तुमचं मत नानांचंच होतं ना?

मी विचारते आहे. त्या दिवशी वेळेवर आला असतात, तर शिक्का कुठं मारला असतात? खाली काय बघता, फरशीवर उत्तर लिहिलेलं नाही.

‘पंक्चर नही व्हतं.’ म्हणजे? चाक फुटलंच नव्हतं? मग पाच वाजून सात मिनिटांपर्यंत तुम्ही होतात कुठं? नाल्याजवळ. बाभळीखाली. जीप उभी करून. किती वेळ? एक तास, निंबाभाऊ? शाळा दिसते तिथून. एक तास तुम्ही शाळेच्या दाराकडे बघत बसलात, ते बंद होईपर्यंत?

थांबा, बोलू नका. तुमची ममता माझ्या वर्गात होती. हजेरीपटात तिची जन्मतारीख मीच लिहिली आहे, अठरा जानेवारी पंच्याऐंशी. म्हणजे मतदानाच्या सहा आठवडे आधी. तिच्या वेळी सुगंधाबाई दोन दिवस अडल्या होत्या, हे मला पालकसभेत त्यांनीच सांगितलं होतं. जीप तुमच्या हाताखाली असताना त्यांना धुळ्याला पोहोचवलं ते एका ट्रॅक्टरनं. मला तेव्हाही नवल वाटलं होतं. जीप कुठं होती? शिरपूरला, नानांच्या सभेला. आणि ट्रॅक्टर — आबांचा. फत्तेसिंग आबांचा. त्यांनी स्वतः पाठवलेला.

असं आहे तर. शिक्का आबांना मारावासा वाटत होता, आणि भाकरी नानांची खाल्लेली. म्हणून कोणालाच नाही.

अहो, मी हसत नाही. हसते आहे, पण तुम्हाला हसत नाही. हिशेब बघा ना: तुम्ही वेळेवर पोहोचला असतात, तर नाना दोन मतांनी पडले असते. बाभळीखाली बसून तुम्ही त्यांना एका मतापर्यंत आणून ठेवलंत, आणि मी लाल शाईनं ते घालवलं. नानांसाठी त्या दिवशी सगळ्यात जास्त कोणी केलं असेल तर ते तुम्ही, आणि चाळीस वर्षं दोष तुम्हालाच. आणि नानांच्या घरच्या पुष्पाअक्का, नाना गेल्यावर आजही दर आखाजीला तुमच्याकडे पुरणपोळीचं ताट पाठवतात — ‘त्याचा काय दोष, चाक फुटलं बिचाऱ्याचं’ — असं म्हणून. ते ताट घेताना तुम्हाला कसं होत असेल, ते मला विचारायचं नाही. तळटीप छापली की लोक उकरायला लागणार: मग निंबा उशिरा आला कशामुळे, पंक्चर कोणी काढलं, बारा फेऱ्यांत टायर धड आणि तेराव्यात कसा गेला? मी इतकी वर्षं ह्या मतदारसंघाची कागदपत्रं उकरते आहे, लोक कसे उकरतात ते मला चांगलं माहीत आहे.

पेन द्या ते. लाल नको, निळं.

मी मतदान केंद्राध्यक्ष होते, निंबाभाऊ, पाच निवडणुकांना. मत गुप्त राखण्याची जबाबदारी घेतलेली बाई आहे मी. तेव्हा बाभळीखाली काय झालं ते तुम्ही मला सांगितलेलं नाही, आणि मी ऐकलेलं नाही. ही तळटीप. ही खोडली. अशी, पूर्ण, खालचं अक्षर दिसणार नाही इतकी. वरचा मजकूर आहे तसाच राहील — जीप, चाक, पाच वाजून सात मिनिटं.

फोटो? फोटो तुमचा एकट्याचा. शाल जरा सारखी करून काढा, मागच्या फोटोत ती एका खांद्यावरून घसरली आहे.

सही? नाही, ह्या पानावर सही करत नाही. मोनाली कुरकुर करेल, करू दे. एवढं एक पान बिनसहीचं जाऊ दे माझ्या हातून. डोळे पुसा, बाहेर कुंदाबाई उभ्या आहेत. उरलेले बिबडे ह्या कागदात बांधते, सुगंधाबाईंना द्या, माझं नाव सांगा. साडेबाराची एस.टी. आहे, अजून मिळेल. निघा आता. आणि जाताना दार ओढून घ्या.