गच्चीवरची पिंपं आणि कावेरम्मा

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या सोसायटीचे प्रमुख माननीय रुद्रप्पा, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या सत्कारमूर्ती कावेरम्मा, आणि बिसीबेळे भाताचा वास येताच मागं वळून पाहणाऱ्या माझ्या मल्लेश्वरमच्या शेजाऱ्यांनो,

कावेरम्मा आज संध्याकाळच्या गाडीनं मुलीकडे, मैसूरला, कायमच्या निघाल्या आहेत. त्यांनी आपल्याला काय दिलं? घरातला ओला कचरा रस्त्यावर न धाडता गच्चीवरच्या पिंपांत जिरवायची सवय दिली. आज वर जी वांगी लगडली आहेत, ती आपल्याच सालादेठांच्या खतावर, बरं का!

पण हे सुखासुखी झालं का? गेल्या उन्हाळ्यात सगळ्या मजल्यांवर असा दर्प सुटला, की लोक नाक दाबूनच लिफ्टमध्ये शिरत. रुद्रप्पांनी सभा बोलावली.

"अम्मा, हे राहतं घर आहे, उकिरडा नव्हे. रविवारी पिंपं खाली उतरणार!"

वर्षभराची मेहनत मातीमोल व्हायची वेळ आली होती. कावेरम्मा शांतपणे म्हणाल्या, "उतरवा. पण वास येतो कुठून, ते आधी बघू या की."

आम्ही सगळे त्यांच्यामागे गच्चीवर गेलो. झाकण उघडलं, तर नुसता ओल्या मातीचा वास. मग जिन्यानं उतरू लागलो, आणि दर मजल्याला दर्प वाढतच गेला. तळघरात, लिफ्टला खेटून उभ्या असलेल्या गाडीपाशी त्या थांबल्या.

"रुद्रप्पा, ही तुमचीच ना?"

डिकी उघडली. गावाहून पोत्यात घालून आणलेला आणि तिथंच विसरलेला फणस! फणस कसला, चिकट लगदा.

आम्ही पोट धरधरून हसलो. कावेरम्मा तेवढ्या हसल्या नाहीत. "अय्यो, चांगले गरे वाया गेले हो! आणा वर, पिंपात जागा आहे."

रुद्रप्पांनी ते पोतं स्वतः उचलून वर नेलं. आणि पत्नी गेल्यापासून दार लावून बसणारा हा माणूस मग रोज सकाळी गच्चीवर दिसू लागला; पाला कालवताना, बोलणी खाताना.

"अहो, त्यात पेज ओतू नका!"

"मग काय पिऊ ती, अम्मा?"

खरं तर आजचं हे भाषण अध्यक्षांनीच करायचं होतं. सकाळी माझ्या दारात येऊन म्हणाले, "तूच बोल रे. मला नाही जमायचं."

कावेरम्मा, पिंपांची काळजी नसावी. आपण सगळे आलात, मन लावून ऐकलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाची, विशेषतः अध्यक्षांची, फजिती झाली असेल, तर उदार मनानं पोटात घालावी.

अध्यक्षमहाराज, डोळे पुसून झाले असतील तर शाल घाला. अम्मांना गाडी गाठायची आहे.